दांड बुजवणारा मुर्दा

प्रेमिलाला भुताच्या पिच्चरचं वेड होतं आणि तिच्या नवऱ्याला, चंपतरावाला, भुताची भीती होती. सोयरीक जमवताना लोक कूळ पाहतात, शेती पाहतात, पोराला व्यसन आहे का ते पाहतात; ही गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. त्यामुळे नरखेडच्या बाजारात तंबूची टॉकीज लागली आणि फळीवर कवटीचं चित्र दिसलं, की या घरातून जोडपं निघायचं. ती पुढे, तो मागे.

तंबूत मधोमध एक दोर बांधलेला असायचा. अलीकडे बाया, पलीकडे माणसं. ही दोघं बरोबर दोराला लागून बसायची, ती इकडून, तो तिकडून. चंपतराव काही लहानसुहान गडी नव्हता. संत्र्यांचं भरलेलं पेटारं एकटा ट्रकवर चढवायचा. पण पडद्यावर नुसतं दार करकरलं की हा डोळे गच्च मिटायचा, दोराखालून तिच्या पदराचं टोक धरायचा आणि विचारायचा,

"आता काय करून राहिली थे?"

"हवेलीत चालली."

"हातात दिवा हाये का?"

"होता. इझला."

"मंग जाते काहून वं एकटी? घरी सांगनारं कोनी नाही का तिले?"

असा अर्धा पिच्चर त्यानं बायकोच्या तोंडून पाहिलेला असायचा. आणि घरी येताना बंडीत बसून पुन्हा हाच सगळ्यांना सांगायचा की पिच्चर काही खास नव्हता, आपल्याला तर भीतीच वाटली नाही.

प्रेमिलाला ते सिनेमे का आवडायचे हे तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. भुताच्या हातावरचं रबर मनगटाशी सुटलेलं तिला दिसायचं. वटवाघूळ ज्या दोऱ्यावर उडायचं तो दोराही दिसायचा. सगळं खोटं आहे हे कळत असताना काळजात धस्स व्हायचं आणि लगेच हसू यायचं, आणि ते हसू शेजारच्या चार बायांनाही एकदम यायचं. मोठ्या पैशांच्या पिच्चरमध्ये आपल्याला नुसतं पाहत बसावं लागतं. या गरीब पिच्चरमध्ये जिथे त्यांचं कमी पडतं तिथे आपण थोडं आपल्या पदरचं घालतो. शेजारणीला तिखट-मीठ उसनं द्यावं तसं. म्हणून तो पिच्चर मग आपलाही होतो.

तर अशा या बाईच्या दारात, त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात, खरोखरचा पिच्चरवाला येऊन उभा राहिला.

त्याचं नाव रविंद्रबाबू. नागपुरात लकडगंजला वडिलांची आरामशीन होती. लाकूड कापून आलेला पैसा पोरगा सिनेमात घालत होता आणि बाप रोज देवापुढे रडत होता, असं त्याच्या जीपचा ड्रायव्हरच सांगायचा. तोंडात पान, गळ्यात मफलर. चंपतरावाच्या संत्र्याच्या बगीच्यात शिरला आणि हात पसरून म्हणाला, "वाह! मरा हुआ बगीचा! असाच पाहिजे होता मला."

चंपतरावाला ते फार लागलं. "मेला नाही गा साहेब. ताण देल्ला हाये. हिवाळ्यात पानी तोडलं की झाड असं सुकल्यावानी दिसते, पानं गळते. मंग पानी देल्लं की एकदम फुलाले येते."

रविंद्रबाबूला शेतीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या पिच्चरचं नाव होतं 'लाशों का बगीचा'. एका दुष्ट मालगुजारानं मजुरांना मारून बगीच्यात पुरलं आणि अमावस्येला ते सगळे उठून त्याच्या बंगल्याकडे चालत निघाले, अशी कहाणी. विलायतेत म्हणे अशा मुर्द्यांना झॉम्बी म्हणतात आणि त्यांचे पिच्चर धो धो चालतात. मुर्दे त्याला गावातलेच पाहिजे होते. एकेक वेळचं जेवण आणि पडद्यावर तोंड दिसेल, एवढा करार.

"साहेब, पन आमच्यात जाळते," शेजारच्या शेतातल्या लहानूनं शंका काढली. "गाडत नाही."

"अरे, जाळलेला उठणार कसा?" रविंद्रबाबू म्हणाला. लहानूनं मुर्द्यांमध्ये आपलं नाव घातलं.

चंपतराव नाहीच म्हणत होता. भुताच्या पिच्चरमध्ये मी? नको गा बाप्पा. पण प्रेमिला त्याच्या मागेच लागली. "आयकता का, आपन स्वतः भूत असलं की भूताची भीती नाही वाटत," ती म्हणाली. हा मुद्दा त्याला पटला. बायकोचे मुद्दे त्याला लवकर पटायचे, हा त्याचा मोठाच गुण होता.

जीप पुन्हा येईपर्यंत काही आठवडे गेले, कारण कॅमेरा भाड्यानं मिळत नव्हता. बगीचा काही त्या कॅमेऱ्यासाठी थांबणार नव्हता. चंपतरावानं ताण तोडला, आळ्यांमध्ये पाणी सोडलं, आणि रविंद्रबाबू आला तेव्हा झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली आणि सगळ्या शिवारात असा वास, की श्वास घेऊन पोट भरावं. रविंद्रबाबूनं कपाळावर हात मारला. मग थोडा वेळ वास घेतला आणि म्हणाला, "चलेगा. लाशों को भी खुशबू अच्छी लगती है."

झाडांच्या ओळींमध्ये खड्डे खणले. मुर्द्यांनी त्यात आडवं व्हायचं, अंगावर बारदाना, त्यावर पातळ माती, आणि श्वास घ्यायला तोंडात पपईच्या पानाचा पोकळ देठ. सडलेल्या कातडीसाठी रविंद्रबाबूनं आरामशिनीवरून भुशाचं पोतं आणलं होतं. डिंकानं भुसा गालाला चिकटवायचा. चेहऱ्याचा रंग मात्र सगळा हिरोईनवरच संपून गेला होता. "घरात हळद असेल ना, भाभी?" त्यानं विचारलं. "हळद आणि राख."

प्रेमिला धावतच डबी घेऊन आली. बाकीच्यांना ड्रायव्हरनं रंगवलं. चंपतरावाला तिनं स्वतःच्या हातानं. कपाळ, गाल, मान. तो डोळे मिटून बसला होता आणि हसत होता. "दुसऱ्यांदा लगन लावून राहिली का वं?"

"हो. नवरदेव थोडा सडका भेटला," ती म्हणाली, आणि सगळे मुर्दे खो खो हसले.

नेमकी त्याच वेळी जिजाबाई काटोलच्या लेकीकडून परत आली. जिजाबाई म्हणजे चंपतरावाची आई. तिनं बांधावरूनच पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली आणि सुनेला म्हणाली, "हळद मानसाच्या अंगाले दोनदा लागते. एकदा मांडवात अन् एकदा तिरडीवर. तू ही तिसरी काहून लावली वं?"

"पिच्चर हाय, आत्याबाई. खोटंखोटं."

"हळद तं खरी हाये ना?"

एवढं बोलून म्हातारी घरात निघून गेली आणि तिनं शूटिंग पाहिलंच नाही. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या तेवढ्या.

त्यामुळे पुढचं जे झालं ते प्रेमिलानंच पाहिलं, विहिरीच्या कठड्याआडून. ऊन रणरणत होतं. रविंद्रबाबूनं कॅमेऱ्यापुढे निळी काच लावली आणि "अमावस की रात!" म्हणून ओरडला. हिरोईन किंचाळत पळाली. माती हलली, मुर्दे उठले, हात पुढे करून तिच्या मागे निघाले. आणि तेवढ्यात वीज आली. विजेचं तेव्हा असंच होतं; आली की मोटर सुरू होऊ द्यायची, मग घरात लगीन असो की मयत. पाणी भळभळत दांडात, झाडांना पाणी नेणाऱ्या मातीच्या पाटात, आलं आणि लहानू मुर्द्याचा पाय नेमका दांडाच्या काठावर पडला. काठ फुटला. पाणी वाहून चाललं भलतीकडेच.

सगळे मुर्दे पुढे गेले. एकच मुर्दा थांबला. चंपतरावानं मागे वळून पाहिलं, दोन्ही हात तसेच पुढे ताणलेले ठेवून परत आला, डाव्या टाचेनं चिखल ओढला, फुटलेल्या जागी दाबला, टाच गर्रकन फिरवली, वाकून पाहिलं की झिरपत तर नाही, आणि मग पुन्हा "ऊंऽऽ" करत हिरोईनच्या मागे लागला.

रविंद्रबाबू रागानं नाच नाच नाचला. मुर्दा आहेस का ओलीतदार आहेस? पण पुन्हा घ्यायला रीळच उरलं नव्हतं.

"पानी वाहून चाल्लं होतं, साहेब," चंपतराव ओशाळून म्हणाला. "झाड नुकतंच फुलाले आलं."

त्यानंतर त्याचा एकच धोशा होता. आपला पिच्चर केव्हा लागन? बाजारात गेला की टॉकीजच्या फळीवर नजर. "आपला लागला की मी डोळे नाही मिटनार," तो प्रेमिलाला सांगायचा, "तुहा हात धरून पूर्न पाहीन." पण रविंद्रबाबूचा पिच्चर कुठे अडकला कुणास ठाऊक. वर्ष गेलं. पुढचा पावसाळा उतरता उतरता चंपतरावाला कावीळ झाली. आधी डोळे पिवळे, मग नखं, मग सगळा माणूस. झाडपाल्याचं औषध झालं, नागपूरचा मोठा दवाखाना झाला. उपयोग झाला नाही. गेला.

त्याला घरी आणल्यावर जिजाबाई सुनेला एकदाच बोलली. "पिवळा तूच केला वं त्याले."

प्रेमिलाला स्वतःलाही रात्री आपली बोटं दिसायची, त्याच्या गालावरून फिरणारी. ती काही अडाणी नव्हती. कावीळ पाण्यानं होते हे डॉक्टरनं सांगितलेलं तिला समजलं होतं. पण समजणं निराळं आणि रात्री झोप लागणं निराळं.

जिजाबाईनं तो शब्द पुन्हा काढला नाही. वाईट वागलीही नाही. मूलबाळ नव्हतं, दोघीच बाया आणि बगीचा. दोघींनी मिळून ओलीत केलं, खत टाकलं, व्यापाऱ्याशी भांडल्या. म्हातारी सुनेच्या ताटात आधी वाढायची. फक्त एक झालं. हळदीची डबी तिनं फळीवरून उचलली आणि आपल्या लुगड्यांच्या पेटीत ठेवली. स्वयंपाक प्रेमिलाच करायची. वरणाला उकळी आली की जिजाबाई उठायची, पेटी उघडायची, आपल्या हातानं चिमूटभर हळद टाकायची, डबी परत पेटीत. रोज. प्रेमिला तेवढा वेळ चुलीपासून बाजूला सरकून उभी राहायची. म्हातारी भांडली असती तर बरं झालं असतं. डबीशी काय भांडणार?

प्रेमिलानं पिच्चर पाहणं सोडलं, हे वेगळं सांगायला नको.

मग एक दिवस लहानू मोटरसायकल दामटत थेट अंगणात आला. नागपूरला पंपाचं सामान आणायला गेला होता. सामान विसरून आला होता. "वहिनी! आपला पिच्चर लागला!"

प्रेमिला तुरीच्या शेंगा सोलत होती. हात थांबले.

"लकडगंजच्या बाजूच्या जुन्या टॉकीजमंधी. मॅटिनीले. मी पाहून राहिलो, अन् चंपतभाऊ आला ना वहिनी पडद्यावर! मातीतून उठला! अन् थो दांड नाही का बुजवला त्यानं, थे सारं हाये. पब्लिक शिट्ट्या मारते!" मग त्याचा आवाज खाली आला. "पन शुक्रवारी उतरते म्हनते. अन् रोज दिसनच असं नाही. पुढच्या शोची वेळ गाठाले टॉकीजवाला मधातले तुकडे काढून टाकते. माह्या वेळी दिसला."

घरात चंपतरावाचा एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यातही त्याची मान खाली. हालता-चालता चंपतराव या जगात आता फक्त रविंद्रबाबूच्या त्या रिळात होता, आणि तोही शुक्रवारपर्यंत, टॉकीजवाल्यानं कापला नाही तर. प्रेमिलाला तो पाहायचा होता. एकदा. इतकं तिला दुसरं काहीच कधी पाहिजे नव्हतं. पण ज्या पिच्चरमुळे घरातली हळद पेटीत गेली, तो पाहायला जाते हे सासूला कोणत्या तोंडानं सांगायचं?

सांगावं लागलंच नाही. जिजाबाई दारातच उभी होती.

"मीबी येतो," ती म्हणाली.

म्हातारी पोराला पाहायला येत नव्हती, ती हळद पाहायला येत होती. आपल्या सुनेनं लावलेली हळद पोराच्या तोंडावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार, आणि मग जे दोन वर्षं पेटीत ठेवलं ते बाहेर काढणार. प्रेमिलानं हे ओळखलं आणि तरी ती नको म्हणाली नाही. होऊन जाऊ दे म्हणाली मनात, एकदाचं.

दुसऱ्या दिवशी दोघी सकाळच्या येष्टीनं निघाल्या. काटोल गेलं, कळमेश्वर गेलं. म्हातारी मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन खिडकीबाहेर दुसऱ्यांचे बगीचे पाहत बसली.

जिजाबाईनं जन्मात पडद्यावर फक्त देव पाहिले होते. म्हणून टॉकीजच्या दाराशी आल्यावर तिनं चपला काढल्या. दारवाल्यानं सांगितलं, "आजी, चपला घालूनच जा, इथं कोणी काढत नाही." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं चपला उचलून आपल्या स्टुलाखाली ठेवल्या.

आत दुपारचं रिकामटेकडं पब्लिक होतं. हमाल, रिक्षावाले, कॉलेज बुडवलेली पोरं. बाया म्हणाल तर या दोघीच. अंधार झाला, ढोल वाजला आणि लाल अक्षरं थरथरत पडद्यावर आली. पाच मिनिटांत पब्लिकला पिच्चरची नस सापडली. मालगुजाराची मिशी एका बाजूनं सुटत होती, "चिकटव, चिकटव!" करून पोरं ओरडू लागली. अमावस्येच्या रात्री झाडांच्या सावल्या लख्ख पडल्या होत्या आणि मागे कुठेतरी कावळे ओरडत होते. "अमावस छुट्टी पे गयी क्या?" कुणीतरी विचारलं. सगळी टॉकीज हसली. आणि लगेच, हसता हसताच, जमिनीतून एक पपईचा देठ हलला आणि सगळी टॉकीज एकदम गप्प झाली. प्रेमिलाच्या अंगावर काटा आला. तोच जुना काटा. इतक्या दिवसांनी तो आला म्हणून तिला रडूच आलं.

आणि खट्कन रीळ तुटलं.

दिवे लागले. शिट्ट्या, बाकांवर लाथा. वरच्या खोलीत कुणीतरी चिकटवाचिकटवी करत होतं. प्रेमिला समोरच्या बाकाची फळी धरून बसली. कापलं. नेमकं तेवढंच कापलं. आता हिरोईन बंगल्यात पोचलेली दिसेल आणि संपलं. तिला बाजूला पाहण्याचीही हिंमत होईना.

अंधार झाला. पिच्चर एक उडी मारून सुरू झाला. हिरोईन पळत होती. लहानू उठून चालायला लागलेला होता. त्याच्या मागे फुलांनी लदलेलं झाड, आणि झाडाखाली माती हलली.

आणि त्या क्षणी प्रेमिलानं, जिनं आयुष्यात कधी भुतापुढे पापणी लववली नाही त्या प्रेमिलानं, डोळे गच्च मिटले.

पाहणं होईचना तिला. कानात ढोल, ओरडणं, आणि मिटल्या डोळ्यांपुढे दवाखान्यातली ती खाट. तिनं चाचपडत सासूच्या लुगड्याचा पदर धरला. तोंडातून शब्द आपसूक निघाले.

"काय करून राहिले ते, आत्याबाई?"

म्हातारीचा आवाज आला, हळू.

"उठला."

"मंग?"

"मातीतून उठला. केसाची माती झटकून राहिला. आंघोळ केल्यावर झटके ना, तसा." आणि मग एकदम चढ्या आवाजात, "पिवळा कुठं हाये वं?"

प्रेमिलाला समजेना.

"डोळे उघड ना वं पोरी! पाह्य तं! पिवळा कुठं हाये थो?"

प्रेमिलानं डोळे उघडले. समोर चंपतराव होता, पडद्याएवढा. रविंद्रबाबूच्या निळ्या काचेतून सगळं निळं दिसत होतं. फुलं निळसर, माती निळसर, चंपतराव निळसर. हळदीचा कुठे पत्ता नव्हता. जिथे तिनं हळद लावली होती तिथे नुसती काळपट राख दिसत होती, शेतातून उन्हातान्हात आलेल्या माणसाच्या तोंडावर धूळ दिसते तशी.

"हळद दिसतच नाही," जिजाबाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "दोन वर्षांपासून माह्या डोळ्यापुढं थो पिवळाच उभा राहे वं. पिवळाच. आज पाह्य, कसा चांगला हाये."

तेवढ्यात दांड फुटला. मुर्दे पुढे गेले आणि चंपतराव वळला. टॉकीजला हे माहीत होतं. बरेच जण दुसऱ्यांदा आले होते, याच्यासाठीच. "आला, आला! ओ पाटील, पानी चाल्लं!" पोरं बाकांवर उभी राहिली. चंपतराव हात पुढे ताणून परत आला, टाचेनं चिखल ओढला, दाबला, टाच गर्रकन फिरवली. शिट्ट्यांनी छप्पर उडायची वेळ आली.

"बापाचीच टाच," जिजाबाई जोरात म्हणाली. "सासरा तुहा असाच बुजवे दांड!" आणि ती हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढच्या रांगेतला एक हमाल मागे वळला. त्याला वाटलं म्हातारी घाबरली. "भेऊ नका, आजी. मुर्दा हाय थो, खोटा."

"मुर्दा असन तुह्या घरचा," जिजाबाई म्हणाली. "माहा पोरगा होय. अन् आपलं मानूस उठून आलं तं कोन भेते रे?"

त्या हमालानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि तो पुढे तोंड करून बसला.

चंपतराव "ऊंऽऽ" करत बगीच्याच्या टोकापर्यंत गेला आणि फुलांच्या आड दिसेनासा झाला. पिच्चर अजून बराच होता. एक मांत्रिक पेटती मशाल घेऊन बंगल्याच्या पायऱ्या उतरायला लागला तेव्हा जिजाबाईनं सुनेचा हात धरला आणि उठली.

"चाल. आता यायले जाळतीन. थे आपन पाह्यलं हाये."

दोघी बाहेर उन्हात आल्या. दारवाल्यानं स्टुलाखालून चपला काढून दिल्या. येष्टीत बसल्यावर भाकरीचं फडकं सोडलं आणि दोघींना जाणवलं की सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं. कळमेश्वरच्या पुढे म्हातारीला पुन्हा एकदा हसू फुटलं. "हात कसे ठेवले होते वं त्यानं! दांड बुजवते अन् हात तसेच!" प्रेमिलालाही हसू आलं, आणि मग दोघी रडल्या, आणि समोरच्या सीटवरची बाई बिचारी घाबरून खिडकीकडे सरकली.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. प्रेमिलानं चूल पेटवली, तुरीची डाळ शिजत घातली. वरणाला उकळी आली तशी ती सवयीनं बाजूला सरकून उभी राहिली. जिजाबाई उठली. पेटी उघडल्याचा आवाज आला. म्हातारी डबी घेऊन आली आणि चुलीजवळ न थांबता सरळ फळीपर्यंत गेली, डबी तिच्या जुन्या जागी ठेवली, आणि परत येऊन पाटावर बसली.

प्रेमिला जागची हलेना.

"उभी काहून राहिली वं?" जिजाबाई म्हणाली. "हळद टाक वरनात. अन् लवकर आवर, सकाळची येष्टी सापडली पाह्यजे. शुक्रवारी उतरते म्हने थो पिच्चर."